पत्र्याच्या दोन्ही बाजूंना

एप्रिल २०२०. पुण्याच्या पूर्व भागातली एक पेठ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरून उभं राहावं लागेल अशी गल्ली. तिच्या तोंडाशी महापालिकेची माणसं बांबू रोवत होती. बांबूंना आडवे वासे, वाशांवर पत्रे. रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती, त्यामुळे खिळा ठोकल्याचा आवाज पार चौकापर्यंत जात होता. हातात यादी घेऊन डॉक्टरबाई बाजूला उभ्या होत्या. गल्लीत चार रुग्ण सापडल्याचा अहवाल त्यांनीच सही करून पाठवला होता आणि त्यावरूनच हा भाग प्रतिबंधित क्षेत्र झाला होता.

शेवटचा पत्रा लागायच्या आधी आतून एका बाईनं विचारलं, "बाई, हे उघडणार कधी?"

डॉक्टरबाईंपाशी उत्तर नव्हतं. "रुग्ण कमी झाले की," असं काहीतरी त्या बोलल्या. पत्रा लागला. त्या रात्री घरी आल्यावर अंगणात कपडे भिजत घालताना त्यांना जाणवलं, की आज आपण तीनशे माणसांना किती दिवसांसाठी कोंडून आलो हे आपल्यालाच ठाऊक नाही.

वीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात काढलेल्या या डॉक्टर. पोलिओचे डोस, क्षयरोग्यांचा पाठपुरावा, डेंगीच्या दिवसांत टाक्या तपासणं, हे सगळं हाडीमासी भिनलेलं. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी पुण्यात घेतला तेव्हा तोंडाला रुमाल बांधलेलं शहरही त्यांनी पाहिलं होतं. पण लोकांच्या घराला बाहेरून कडी घालायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. क्षयरोग्याला गोळ्या चालू ठेव म्हणून विनवायचं असतं. इथं पाठीशी पोलीस होते, साथरोग कायदा होता आणि हुकूम मोडणाऱ्यावर दंडविधानाचं १८८ कलम होतं.

बंधनं नकोत, असं त्यांना एकदाही वाटलं नाही. ९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, नायडू रुग्णालयात दाखल झाले, आणि त्यानंतर आठवड्याआठवड्याला आकडा कसा फुगत गेला हे त्यांनी अगदी जवळून पाहिलं होतं. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर विलगीकरणाचा शिक्का मारायचं सरकारनं १६ मार्चला ठरवलं. तसाच शिक्का मारलेला एक माणूस लांब बाह्यांचा शर्ट घालून नातेवाइकाच्या तेराव्याला जेवून आला. दहा दिवसांनी त्या घरातले दोन वृद्ध रुग्णालयात गेले. एक परत आला. पुढे कुणी "आमच्या स्वातंत्र्याचं काय?" असं विचारलं, की डॉक्टरबाईंना त्या पंगतीत शेजारी बसलेली माणसं आठवत. त्यांना कुणी विचारलं होतं का?

पण पत्रा ठोकला म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांतल्याही त्या उरल्या नाहीत. ते त्यांना त्याच गल्लीनं शिकवलं.

तेव्हाचा नियम असा होता: प्रतिबंधित क्षेत्रात शेवटचा रुग्ण सापडल्यानंतर चार आठवडे नवा रुग्ण निघाला नाही, तर निर्बंध उठवायचे. कागदावर हे बिनचूक होतं. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चौदा दिवस लागू शकतात, त्याच्या दुप्पट मुदत धरलेली. पण जिथं एका नळावर बारा घरं आणि एका शौचालयावर त्याहून जास्त, तिथं नवा रुग्ण निघायचाच. पंचविसाव्या दिवशी एकाला ताप आला की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

पंधरवड्यातच डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं, की गल्लीत ताप येणं बंद झालंय. घरोघर जाणाऱ्या आशाताई रोज शून्य लिहून आणत होत्या. असं होऊ शकत नाही, हे डॉक्टर म्हणून त्यांना कळत होतं. एका दुपारी त्या स्वतः आत गेल्या. एका प्लंबरच्या घरात गोधडीखाली कुणीतरी कण्हत होतं. "काही नाही, अंग दुखतंय," असं बायको म्हणाली, आणि मग दाराआड येऊन हळू आवाजात सांगितलं, "बाई, आमच्या घरात ताप आला असं तुम्ही लिहिलंत तर अख्ख्या गल्लीच्या चुली आणखी महिनाभर बंद. लोक आम्हाला जगू देतील का?"

तो माणूस वाचला. ऑक्सिमीटरवर ८४ दिसल्यावर त्याला तसंच उचलून नेलं म्हणून वाचला. पण ते वाक्य डॉक्टरबाईंच्या मनातून गेलं नाही. रोग सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याची सुटका, अशी व्यवस्था आपण आपल्याच हातांनी उभी केली होती.

त्याच गल्लीच्या टोकाला एक जुना वाडा आहे. तिथल्या नव्वदीच्या आजी तपासणीला आलेल्या पथकाला चौकाच्या पुढे येऊ देत नव्हत्या. मास्क, चष्मा, अंगभर पांढरा झगा पाहून त्यांनी ओसरीवरूनच हात आडवा केला. "आमच्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी प्लेगात सोजीर असेच घरात घुसले होते. देवघरापर्यंत. बूट न काढता."

डॉक्टरबाई थबकल्या. ज्या कायद्याचं नाव त्यांच्या प्रत्येक आदेशाच्या वरच्या ओळीत होतं, तो जन्मला होता याच प्लेगासाठी.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय करण्याचा अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा, आणि सद्भावनेनं काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. ज्याच्या घरावर, अंगावर, पोटावर हे उपाय होणार, त्याला काय मिळणार याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून डब्ल्यू. सी. रँड आले आणि मार्चपासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या पेठापेठांतून घरं तपासू लागल्या. माणसांना रस्त्यावर उभं करून काखेत, जांघेत गाठी आहेत का ते बघत. बायकांनाही यातून सूट नव्हती. सामान जाळत, जमीन खणत, भिंतींना चुना फासत. रुग्ण इस्पितळात आणि घरची बाकी माणसं छावणीत. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्यांच्यासोबतचे लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला. चाफेकर बंधू फासावर गेले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हा भाग मराठी माणसाला शाळेपासून पाठ असतो.

डॉक्टरबाईंना त्या दिवसांत ओढ लागली ती या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूची. रुग्णाला वेगळं ठेवायला हवं, हे टिळकांना अमान्य नव्हतं. पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय उभं करण्यात त्यांचाच पुढाकार होता. त्यांचा विरोध होता तो रीतीला. सावित्रीबाई फुले तर हडपसरजवळ आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. तिथंच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. म्हणजे त्याच शहरात, त्याच महिन्यात, त्याच रोग्यांना दवाखान्यात नेण्याचे दोन मार्ग चालू होते. एकात दारावर लाथ होती, दुसऱ्यात दवाखाना घरच्यासारखा होता.

आणखी एक गोष्ट त्यांना बोचत राहिली. शिपाई घरं खणत होते तेव्हा प्लेग नेमका पसरतो कसा, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं लागली. सगळा जोर माणसांवर, आणि रोग उंदरांच्या पाठीवरून फिरत होता. २०२० मध्ये तरी काय वेगळं होतं? मार्चच्या शेवटी उत्तर प्रदेशात बरेलीला गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला. माणसांच्या अंगावर फवारणी करू नका, असं केंद्राला एप्रिलमध्ये लेखी सांगावं लागलं. डॉक्टरबाईंच्या हद्दीतही सोसायट्यांच्या फाटकांवर फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले होते. बंद खोलीतली कोंदट हवा हा खरा धोका आहे, हे सगळ्यांना पटेपर्यंत आपण दाराच्या कड्या आणि भाजीच्या पिशव्या पुसत बसलो. आपल्याला सगळं कळलेलं नाही हे मान्य असेल, तर दुसऱ्याच्या घरात शिरताना पाऊल जरा हलकं पडायला हवं, असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

आजींच्या वाड्यात त्या दिवशी त्यांनी पथकाला बाहेर थांबवलं. चौकात उभं राहून, सहा फुटांवरून, चष्मा काढून चेहरा दाखवला. नाव सांगितलं. दवाखाना कुठला ते सांगितलं. "तुमच्या नातीचा नववा महिना भरत आलाय, तिच्यासाठी आलेय," म्हणाल्या. आजींनी बराच वेळ बघितलं आणि मग सुनेला हाक मारली, "अगं, बाईंना पाणी विचार."

सगळंच असं गोड झालं नाही. मे महिन्यात एका सकाळी व्हॉट्सॲपवर यादी फिरू लागली. नावं, वयं, पत्ते, मोबाईल नंबर. कोण पॉझिटिव्ह आणि त्याच्या संपर्कात कोण. ती डॉक्टरबाईंच्या विभागातली होती. कुठल्या कार्यालयातून, कुठल्या टेबलावरून बाहेर पडली हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात एका मुलीचं नाव होतं. घरकाम करून ती घर चालवायची. ती बरी झाली, पण तिची चारही कामं सुटली, ती परत मिळालीच नाहीत. एका दुकानदाराकडून शेजाऱ्यांनी सामान घेणं बंद केलं. डॉक्टरबाईंनी ज्या वाक्यावर ही नावं मिळवली होती ते वाक्य होतं, "तुम्ही सांगितलेलं कुठं जाणार नाही." संपर्क शोधण्याचं सगळं काम या एका वाक्यावर उभं असतं. माणूस कुणाला भेटला, कुणाच्या घरी राहिला, हे तो पोलिसाला सांगत नाही. डॉक्टरला सांगतो. यादी फुटल्यावर आठवडाभर लोक एकच उत्तर देऊ लागले: "कुणालाच भेटलो नाही."

घराच्या दारावर रुग्णाचा फलक लावण्याचंही तेच झालं. अनेक शहरांत ते फलक लागत होते. ९ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय असे फलक लावता येणार नाहीत. खुद्द केंद्राचंही म्हणणं होतं, की आम्ही असं कधी सांगितलंच नव्हतं. नियमात नव्हतं, तरी दारोदार लागलं. भीतीच्या दिवसांत हुकूम खाली झिरपताना प्रत्येक पायरीवर थोडा जाडच होत जातो.

फलक आणि याद्यांच्या त्या दिवसांत त्यांना वारंवार गोव्याची एक गोष्ट आठवे. सार्वजनिक आरोग्याच्या प्रशिक्षणात ती शिकवली होती. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी बोलावून नेलं. तो नियमित रक्तदान करायचा. त्याच रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला होता. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद होती. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात त्याला ६४ दिवस एकट्याला ठेवलं. त्याच्या आईनं, ल्युसी डिसोझा यांनी, दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयानं तरतूद वैध ठरवली. एचआयव्ही हवेतून पसरत नाही, शेजारी बसून पसरत नाही, मग कोंडून काय साधलं? एवढंच, की आपल्याला लागण आहे का हे तपासून घ्यायला कुणी पुढं येऊ नये. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला. तोवर तो लागण झालेल्यांसाठी उभा राहिला होता.

तेव्हा प्रशिक्षकांनी सिराक्यूजा तत्त्वंही सांगितली होती. १९८४ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजा इथं कायदेतज्ज्ञांनी ती ठरवली. हक्कांवर बंधन घालायचं तर ते कायद्यानं घातलेलं हवं, खरोखर गरजेचं हवं, पुराव्यावर आधारलेलं हवं, त्याहून सौम्य उपाय शिल्लक नसावा, ते मनमानी नसावं, मुदतीचं असावं. वर्गात ही सहा वाक्यं परीक्षेपुरती होती. गल्लीत आल्यावर प्रत्येक वाक्याला चेहरा मिळाला. "मुदतीचं असावं" म्हणजे पत्र्याआडून आलेला तो प्रश्न: हे उघडणार कधी?

जूनमध्ये त्यांनी आपल्यापुरते काही बदल केले. मोठे नव्हते. गल्लीच्या तोंडाशी एक फळा लावला. त्यावर आजची तारीख, काल किती तपासण्या झाल्या, किती निघाले, आणि निर्बंधांचा फेरविचार कोणत्या तारखेला. पत्रे सगळीकडून काढून रुग्ण असलेल्या वाड्यापुरतेच ठेवण्याचा आग्रह वरिष्ठांकडे धरला. पुढे नियमच बदलला, मुदत कमी झाली, छोटी छोटी क्षेत्रं आखली जाऊ लागली. ज्या घराला चौदा दिवस बंद ठेवायचं, त्या घरात शिधा आधी पोचेल आणि शिक्का नंतर, हा क्रम त्यांनी हट्टानं पाळला. गणेश मंडळांची पोरं पुढं आली. शेजारच्या मशिदीच्या कमिटीनंही पीठ-तेलाची जबाबदारी घेतली. एक तरुण पोलीस, बदली होईपर्यंत, रोज औषधांच्या चिठ्ठ्या खिशात घालून मेडिकलमध्ये जायचा. आठवडाभरात आशाताईंच्या वहीत ताप पुन्हा दिसू लागला. तापाचे आकडे वाढलेले पाहून आनंद व्हावा, असा डॉक्टरबाईंच्या नोकरीतला तो एकच आठवडा.

मुंबईत धारावीनं हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं होतं. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागा, दाटीवाटीनं राहणारे लाखो लोक, पहिला रुग्ण १ एप्रिलला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं असताना "घरात अंतर ठेवा" हे सांगणंच निरर्थक होतं. तेव्हा शाळा, सभागृहं ताब्यात घेऊन विलगीकरणाची सोय केली, तिथं तीन वेळचं खाणं दिलं, सार्वजनिक शौचालयं पुन्हा पुन्हा धुतली. आणि वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना तपासणीत घेतलं, कारण लोकांचा त्यांच्यावर आधीपासून विश्वास होता. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेनं धारावीचं नाव जगापुढं घेतलं. तिथंही सक्ती होतीच. पण सक्तीच्या पाठोपाठ जेवणाचा डबा येत होता.

डबा नसेल तर काय होतं हेही महाराष्ट्रानं पाहिलं. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदीआधी देशाला चार तासांची मुदत मिळाली होती. ८ मे च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून ते चालत निघाले होते, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी. टाळेबंदीचा हुकूम मोडला म्हणून राज्यात १८८ खाली लाखाहून जास्त गुन्हे नोंदले गेले. २०२२ मध्ये ते मागे घेण्याचं सरकारनं जाहीर केलं. पण चालत निघालेल्या माणसाला थांबवायचं, तर त्याला थांबायला जागा आणि पोटाला भाकरी द्यावी लागते, हे कलमात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

लस आली तेव्हा तोच पेच नव्या रूपात उभा राहिला. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेतलेल्यांनाच प्रवेश मिळू लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते आदेश ज्या पद्धतीनं काढले गेले त्यावरच बोट ठेवलं. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शरीरावर माणसाचा अधिकार आहे, कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. मात्र समाजाच्या आरोग्यासाठी प्रमाणात बंधनं घालता येतील. डॉक्टरबाईंच्या हद्दीत एक शिवणकाम करणारी बाई लस घ्यायला तयार नव्हती. तिच्या भावाला दुसऱ्या लाटेत बेड मिळाला नव्हता. ज्यांनी तेव्हा दार उघडलं नाही, ते आता सुई घेऊन दारात येतात, हा तिचा राग. डॉक्टरबाई तिच्याकडे चारदा गेल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी लसीचा विषय काढलाच नाही, भावाबद्दल ऐकून घेतलं. चौथ्या वेळीही तिनं नाहीच म्हटलं. त्यांनी नोंदवहीत "नकार" असं लिहिलं, तिची सही घेतली, पुढच्या महिन्यात पुन्हा येते म्हणाल्या. तिनं शेवटपर्यंत लस घेतली नाही. आपण हरलो असं त्यांना वाटलं, आणि तरीही तिच्याशी वागलो ते बरोबर वागलो असंही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातच सिंहगड रस्त्याच्या बाजूला गुलियन बॅरे या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघू लागले. हातापायातली शक्ती जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. संशय पाण्यावर होता. घरोघर पाहणी सुरू झाली आणि डॉक्टरबाईंचं पथक नांदेडगावाच्या बाजूला गेलं. एका सोसायटीच्या फाटकावर वीसेक माणसं जमलेली. वॉचमननं रजिस्टर पुढं केलं आणि मागून कुणीतरी विचारलं, "आता पत्रे लावणार का?"

"नाही. हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. कुणाला कोंडायचं काही कारण नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून नमुन्याच्या बाटल्या काढल्या. पाण्याचा नमुना कशासाठी, तो कुठं जाणार, अहवाल कधी येणार आणि तो फाटकावर कोण लावणार, हे सगळं सांगितलं. स्वतःचा नंबर लिहून दिला. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "आमच्या मुलीला जुलाब झाले होते, ते लिहिणार का? नाव बाहेर जाईल?"

त्यांनी क्षणभर पेन थांबवलं. "लिहीन," त्या म्हणाल्या, "पण आधी तुम्ही हो म्हणा. आणि नाव या वहीतच राहील, ती मी स्वतः ठेवते." गृहस्थ पुढं आले, मुलीचं वय सांगितलं, आणि जुलाब कोणत्या तारखेला सुरू झाले ते बोटांवर मोजू लागले.